सोबतीचा परवाना

परदेशातल्या नोकरीचा तात्पुरता परवाना संपत आला, की तिथल्या एखाद्या नागरिकाशी लग्न करावे आणि खुशाल राहावे, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. कट्ट्यावर ती थट्टेने बोलली जाते, घरात काळजीने, आणि लग्नाच्या बैठकीत अगदी उघड हिशेबाने. थट्टा करणारे आणि काळजी करणारे दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात, की लग्न ही किल्ली आहे, फिरवली की दार उघडते. माझे मत निराळे आहे. त्या दाराला तारखा आणि पगार अशी दोन कुलपे आहेत. आणि गंमत अशी, की ज्या सरकारला घाईघाईने लावलेल्या लग्नांचा सदैव संशय येतो, तेच सरकार आपल्या तारखांनी माणसांना लग्नाची घाई करायला भाग पाडते.

उदाहरण ब्रिटनचे घेते. एक तर आपल्यापैकी पुष्कळांच्या नजरा आज तिकडे लागलेल्या आहेत. दुसरे म्हणजे माझी एक मैत्रीण या क्षणी त्याच चक्रात सापडलेली आहे. आपल्याच महाविद्यालयातून इंग्रजी विषय घेऊन ती बी.ए. झाली. तिला विचारूनच हे लिहीत आहे. नाव मात्र देत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने तरुण भारतीय पदवीधरांसाठी एक योजना सुरू केली. वय अठरा ते तीस, हाती पदवी, बँकेत २,५३० पौंड शिल्लक आणि सोडतीत नाव लागण्याचे नशीब, एवढे असले की दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहावे, हवी ती नोकरी करावी. आधी मालक शोधण्याची गरज नाही. वर्षाला जागा तीन हजार. आपल्यासारख्या कला शाखेच्या मुलामुलींना, ज्यांना कोणतीही कंपनी विमानाचे तिकीट धाडत नाही, ही योजना म्हणजे वरदानच वाटते, आणि ते वाटणे चूक नाही. पण या परवान्याला मुदतवाढ नाही, आणि तो आयुष्यात एकदाच मिळतो. दोन वर्षे झाली की सामान बांधायचे.

मैत्रिणीचे नाव सोडतीत लागले. ती लीड्सला गेली. पहिले काही महिने एका गोदामात पाकिटे बांधली, मग एका छपाईच्या कचेरीत मुद्रिते तपासण्याचे काम मिळाले. आठव्या महिन्यात तिची एका तरुणाशी ओळख झाली. तो तिथलाच, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा. पुढचे मी सांगायला नको. वर्षभरात त्यांनी एकत्र खोली घेतली. लग्नाचा विचार होता का, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "होता गं, पण घाई नव्हती. आधी एकमेकांना नीट बघायचं होतं."

इथे कायदा मध्ये आला. ब्रिटनचा कायदा अविवाहित जोडीदारालाही मानतो. हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा नवलच वाटते. १९९७ साली ही गोष्ट सवलत म्हणून सुरू झाली, प्रामुख्याने ज्यांना लग्न करण्याची सोयच नव्हती अशा समलिंगी जोडप्यांसाठी. पुढे २००० साली तिचा रीतसर नियम झाला. पण अट अशी, की नाते किमान दोन वर्षांचे हवे. २०२४ च्या जानेवारीपर्यंत ही दोन वर्षे एका छपराखाली काढलेली असावी लागत. त्यानंतर थोडी ढील मिळाली, आता दोन वर्षे विवाहासारखे नाते होते एवढे दाखवले तरी चालते. आता गणित मांडून पाहा. परवाना दोन वर्षांचा, नाते दोन वर्षांचे. विमानातून उतरल्या दिवशी प्रेमात पडून त्याच आठवड्यात संसार थाटणाऱ्यांनाच हा नियम लागू पडावा! ज्यांची ओळख आठव्या महिन्यात झाली, त्यांच्या नात्याला परवाना संपताना सोळा महिने होतात. म्हणजे कागदावर अविवाहितांसाठी दार आहे, पण तात्पुरत्या परवान्यावर आलेली व्यक्ती त्या दारापर्यंत पोचण्याआधीच तिची मुदत संपते. उरतो मार्ग एकच, लग्न.

बरे, लग्न तरी मनात आले आणि केले असे होत नाही. नोंदणी कचेरीत दोघांनी जाऊन सूचना द्यायची आणि अठ्ठावीस दिवस थांबायचे. दोघांपैकी एकाचा परवाना मुदतीचा असेल तर प्रकरण गृहखात्याकडे जाते, आणि संशय आला तर हे अठ्ठावीस दिवस सत्तर होतात. २०१४ च्या कायद्याने केलेली ही तरतूद २०१५ पासून चालू आहे, आणि तिचा हेतू बनावट लग्ने हुडकणे हा आहे. म्हणजे पाहा, एका नियमाने मुलीला सांगायचे की अमुक तारखेच्या आत लग्न कर, नाहीतर चालती हो; आणि दुसऱ्या नियमाने विचारायचे की अमुक तारखेच्या इतक्या जवळ लग्न का करतेस? माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत सत्तर दिवसांची वेळ आली नाही. पण पूर्ण अठ्ठावीस दिवस ती दोघे कॅलेंडरकडे पाहत बसली होती. "आम्ही लग्न बहुधा केलंच असतं," ती मला म्हणाली, "पण कधी करायचं हे आम्ही नाही ठरवलं."

या संशयाला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. १९४८ च्या कायद्यापर्यंत परदेशी पुरुषाशी लग्न करणारी ब्रिटिश स्त्री साधारणतः आपले ब्रिटिश नागरिकत्वच गमावून बसे. नवऱ्याचा देश तो बायकोचा देश, हे तत्त्व तेव्हा फार जणांना खटकत नव्हते. मग भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज इथून माणसे जाऊ लागली आणि प्रश्न उलटा झाला. तिथे राहणाऱ्या पुरुषाने बायको आणली तर चालेल, पण तिथे राहणाऱ्या बाईने नवरा आणला तर? १९६९ साली राष्ट्रकुलातल्या अशा नवऱ्यांना बंदी झाली, १९७४ साली ती उठली, १९८० साली नव्या रूपात परत आली. कारण असे दिले जाई, की पुरुष आला की नोकरी मागतो, बाई आली की घरात बसते. ज्या देशात त्याच सुमाराला एक बाई पंतप्रधान होती, त्या देशाचे हे म्हणणे!

बायकांना मात्र मोकळीक होती असेही नाही. १९७९ सालच्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भारतातून एक शिक्षिका उतरली. वय पस्तीस. तिथे राहणाऱ्या आपल्या नियोजित वराशी लग्न करण्यासाठी ती आली होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वाग्दत्त वधूला आधी परवाना लागत नसे. विवाहित स्त्रीला मात्र तो भारतातून मिळवावा लागे आणि त्यासाठी दीर्घकाळ तिष्ठावे लागे. अधिकाऱ्यांना वाटले, ही आधीच विवाहित असेल. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी काय केले, तर तिची कौमार्य तपासणी केली. वर्तमानपत्राने हे उघडकीस आणले तेव्हा मोठी खळबळ उडाली. अशा तपासण्या दिल्ली व मुंबई इथल्या ब्रिटिश कचेऱ्यांमार्फतही झाल्या होत्या, हे पुढे सरकारी कागदपत्रांतूनच बाहेर आले. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. लग्न झाले आहे की नाही, हे एका स्त्रीच्या शब्दावरून न मानता तिच्या शरीरावरून पाहणे! आणि तेही कशासाठी, तर कोणत्या रांगेत उभे करायचे एवढे ठरवण्यासाठी.

आता तो किनाऱ्याचा धागा. १९८५ च्या मे महिन्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीझ, कबालेस आणि बाल्कंदाली विरुद्ध युनायटेड किंगडम या खटल्याचा निकाल दिला. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांनी तो लढवला होता. तिघींच्याही नवऱ्यांना त्यांच्याबरोबर राहायला परवानगी नाकारली गेली होती. त्यांतल्या पहिल्या स्त्रीचा नवरा जन्मला होता आपल्या शेजारच्या दमणला. पोर्तुगीज अमलात जन्मलेला, म्हणून नागरिकत्व पोर्तुगीज. १९७९ साली तो पाहुणा म्हणून मुदतीच्या परवान्यावर ब्रिटनला गेला, तिथे त्याचे लग्न झाले, त्याने राहू द्या म्हणून अर्ज केला आणि नकार मिळाला. बायकोच्या जागी नवरा स्थायिक असता आणि नवऱ्याच्या जागी बायको पाहुणी असती, तर तोच अर्ज मंजूर झाला असता. न्यायालय म्हणाले, हा लिंगभेद आहे. तिघी जिंकल्या.

पण जिंकून काय झाले, ते मोठे शिकण्यासारखे आहे. समता आणण्याचे मार्ग दोन होते. एक, नवऱ्यांनाही बायकांइतकी मोकळीक द्यायची. दुसरा, बायकांनाही नवऱ्यांइतकेच अडवायचे. सरकारने दुसरा निवडला! नवऱ्यांना छळणारा 'मुख्य हेतू'चा नियम त्यानंतर बायकांनाही लागू झाला. या नियमाप्रमाणे अर्जदाराने सिद्ध करायचे, की आपल्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नाही. नसलेली गोष्ट सिद्ध कशी करायची, हे तर्कशास्त्राच्या आमच्या तासालाही कोणी शिकवले नाही. आणि आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नाचा 'मुख्य हेतू' तरी काय सांगणार? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाची नोकरी, मुलीचा रंग, घर स्वतःचे की भाड्याचे, पत्रिका, हुंडा, सगळेच हेतू हजर असतात. नसतो तो फक्त त्या अधिकाऱ्याला हवा असलेला एक. शेकडो मैल दूर बसलेल्या नवरा-बायकोंना वेगवेगळे प्रश्न विचारायचे आणि उत्तरे जुळली नाहीत की नकार द्यायचा, असा कारभार चालला. १९९७ च्या जूनमध्ये नवे सरकार आल्याबरोबर हा नियम रद्द झाला.

हेतूची चौकशी मागे पडली. तिची जागा पुढे पगाराच्या चौकशीने घेतली, आणि माझ्या दृष्टीने ही अधिक गंभीर बाब आहे, कारण तिच्याविरुद्ध ओरड कमी होते. २०१२ च्या जुलैपासून नियम असा झाला, की परदेशी जोडीदाराला ठेवून घ्यायचे तर वर्षाला किमान १८,६०० पौंडांची मिळकत हवी. २०२४ च्या एप्रिलमध्ये हा आकडा २९,००० वर नेला. पैसे नुसते साठवलेले असतील तर ८८,५०० पौंड लागतात. आता त्याच महिन्यात ब्रिटनमधले कायद्याने ठरलेले किमान वेतन प्रौढ कामगाराला तासाला ११.४४ पौंड होते. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एक दिवस सुटी न घेता राबले तरी २३,८०० सुद्धा होत नाहीत. म्हणजे त्या देशाचा कायदा एका ओळीत म्हणतो, एवढी मजुरी माणसाला पुरे. आणि दुसऱ्या ओळीत म्हणतो, एवढ्या मजुरीवाल्या माणसाने परदेशी व्यक्तीशी संसार करू नये. शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांची जेवणे रांधणारा नागरिक आणि बँकेत बसणारा नागरिक यांचे मत निवडणुकीत एकाच वजनाचे, पण प्रेम मात्र निरनिराळ्या वजनाचे.

मैत्रिणीचा नवरा वर्षाला सुमारे तेवीस हजार मिळवतो, ती पंचवीस. दोघांचे मिळून अठ्ठेचाळीस होतात आणि अट सहज पुरी होते. पण या बेरजेलाही एक मेख आहे. तिची मिळकत धरली जाते ती केवळ ती ब्रिटनमध्ये आहे आणि तिच्या हातात काम करण्याचा चालू परवाना आहे म्हणून. ती मुकाट्याने पुण्याला परत आली असती आणि इथून अर्ज केला असता, तर इथल्या नोकरीचा तिचा पगार हिशेबात आलाच नसता. मोजले गेले असते फक्त नवऱ्याचे तेवीस हजार, आणि अर्ज नामंजूर. नियमाने वागून, मुदत संपली म्हणून घरी परतणाऱ्या मुलीची वाट अधिक बिकट, आणि तिथेच थांबून अर्ज करणारीची सोपी! असल्या नियमाने माणसे कोणता धडा घेतील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. याशिवाय अर्जाचे शुल्क वेगळे, आणि त्यांच्या आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड (२०२४ च्या फेब्रुवारीपासूनचा हा दर), अडीच वर्षांचा एकदम आगाऊ. केवळ या अधिभाराचेच आपल्या हिशेबाने अडीच लाखांहून अधिक रुपये होतात.

या मिळकतीच्या अटीविरुद्ध काही जोडपी तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१७ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. लहान मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत नाही, असे न्यायालयाने सरकारला सुनावले, पण मिळकतीची अट तत्त्वतः योग्य ठरवली.

आणि मुदत उलटून गेलीच तर? इथे आपल्याकडच्या 'बघू पुढे' या वृत्तीने घात होतो. मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल झाला, तर निर्णय लागेपर्यंत जुना परवाना जुन्या अटींसह चालू राहतो. नोकरीही करता येते. एक दिवस उशीर झाला तर तोच माणूस बेकायदा. सबळ कारण असेल तर चौदा दिवसांची सवलत आहे, बस्स. त्यानंतर नोकरी करणे गुन्हा, इंग्लंडमध्ये घरमालकाला खोली भाड्याने देण्याची मनाई, बँकेत खाते उघडणे अशक्य. लग्न खरे असले तरी नेहमीची पाच वर्षांची वाट बंद होते. मग सिद्ध करावे लागते, की आम्ही दोघांनी ब्रिटनबाहेर संसार करण्यात अनुल्लंघ्य अशा अडचणी आहेत. २०१७ च्या त्याच फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत उलटून राहिलेल्या दोन स्त्रियांची अपिले याच मुद्द्यावर फेटाळली. ज्यांना हे सिद्ध करता येते, त्यांच्या नशिबी दहा वर्षांची लांबची वाट.

आमच्या राज्यशास्त्राच्या सरांशी मी या विषयावर बोलले. सर म्हणाले, "अगं, राज्य म्हटलं की सीमा आली आणि सीमा आली की पहारा आला. बनावट लग्नं होतात की नाही? पैसे घेऊन लावली जातात की नाही? मग सरकारने डोळे मिटून बसावं का?" सरांचे म्हणणे मला मान्य आहे. अशी लग्ने होतात, त्यांचे दलाल आहेत, आणि त्यात नाडल्या जाणाऱ्या बहुधा बायकाच असतात. खोटे लग्न शोधायला सरकारने पोलीस लावावेत, साक्षी घ्याव्यात, दलालांना तुरुंगात घालावे. पण मिळकतीच्या अटीने खोटे लग्न सापडत नाही. पैसेवाल्याचे खोटे लग्न तीतून सुखरूप निसटते आणि स्वयंपाक्याचे खरे लग्न अडकते. आणि सोळा महिन्यांच्या खऱ्या नात्याला आठ महिने आणखी देण्यापेक्षा तडकाफडकी नोंदणी कचेरीत धाडल्याने पहारा कडक कसा होतो, हे सरांनाही सांगता आले नाही. ते हसले आणि म्हणाले, "लिही, लिही."

माझा खरा आक्षेप आणखी पुढचा आहे. जोडीदार म्हणून मिळणारा परवाना हा त्या मुलीचा नसतो, तो त्या नात्याचा असतो. नोकरीच्या परवान्यावर होती तोवर ती स्वतःच्या बळावर त्या देशात उभी होती. आता नाते तुटले, की पायाखालची जमीन गेली. तिचा नवरा भला माणूस आहे, हा सुदैवाचा भाग झाला. कायदा सुदैवावर चालू नये. लग्न करून ब्रिटनला गेलेल्या आपल्या उपखंडातल्या कित्येक बायकांनी याचा अनुभव घेतला आहे. पूर्वी स्थायिक होण्याआधीचा परीक्षेचा काळ एक वर्षाचा असे. त्या वर्षात नवऱ्याने मारहाण केली तरी निघता येत नसे, कारण घर सोडले की देश सोडावा लागे. १९७९ साली स्थापन झालेल्या साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेने याविरुद्ध लढा दिला. तेव्हा कुठे १९९९ साली एक सवलत आणि २००२ साली नियम आला, की घरातल्या छळाचा पुरावा असेल तर अशा स्त्रीला स्थायिक होता येईल. हा मोठा विजय होता. पण त्याच सरकारी यंत्रणेने तो परीक्षेचा काळ २००३ साली दोन वर्षांचा केला आणि २०१२ साली पाच वर्षांचा. पाच वर्षे! आपल्याकडे बी.ए. व्हायला, नापास न होता, तीन लागतात.

अर्ज प्रलंबित असतानाच्या दिवसांचे तर काय सांगावे. नियम असा, की निर्णय लागण्यापूर्वी देशाबाहेर पाऊल टाकले की अर्ज मागे घेतला असे समजतात. मैत्रिणीने अर्ज केला त्याच्या सहाव्या आठवड्यात तिची आजी गेली. आईवडील दोघे नोकरीवर, म्हणून या आजीनेच तिला वाढवले होते. दहावा, बारावा, तेरावा, सगळे तिने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिले. घाटावर कावळा लवकर शिवेना, तेव्हा कोणीतरी म्हणाले की नात यायची राहिली म्हणून. ते तिला तिकडे ऐकू गेले.

आता थोडे आपल्याविषयी. ब्रिटनला नावे ठेवताना आपण कुठे आहोत तेही पाहावे. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे सात वर्षे इथे राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मिळकतीची अट आपण घातलेली नाही, हे आपल्याला भूषणावह आहे. पण अविवाहित जोडीदार हा शब्दच आपल्या परकीयांच्या कायद्यात नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने 'विवाहसदृश संबंध' मान्य केला तो संरक्षणापुरता. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देणे आमच्या हाती नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. आणि उत्तराखंडात २०२५ च्या जानेवारीपासून लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंद करणे सक्तीचे झाले आहे. ब्रिटनमध्ये नोंद मागतात ती राहू देण्यासाठी. इथली नोंद कशासाठी, ते वाचकांनीच ठरवावे.

घरचीही गोष्ट तशीच. नात्याचा पुरावा म्हणून मैत्रिणीला दोघांच्या नावाचा भाडेकरार, वीजबिल, बँकेचे कागद, एकत्र काढलेली छायाचित्रे असे बाड जमवावे लागले. लग्नाआधीच्या वर्षातलीही काही त्यात होती. त्याच वर्षात घरी फोन करताना खोलीत दुसऱ्या कोणाची चप्पलसुद्धा दिसू नये म्हणून ती भिंतीला पाठ लावून बसत असे. तिकडचे अधिकारी म्हणत होते पुरावा दे. इकडचे नातेवाईक, न बोलता, म्हणत होते पुरावा लपव. लग्नाची बातमी कळल्यावर तिच्या मामांनी पहिला प्रश्न विचारला तो, "व्हिसासाठी ना?" आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात, खरे सांगायचे तर, थोडी सुटका होती. व्हिसासाठी असेल तर समजण्यासारखे आहे! प्रेमासाठी असेल तर चारचौघांत काय सांगायचे? हीथ्रोवरच्या अधिकाऱ्याचा संशय आणि मामांचा दिलासा, दोन्ही एकाच गृहीतावर उभे आहेत.

माझ्या हाती सत्ता नाही आणि तिकडच्या संसदेत आपले कोणी ऐकणार नाही. तरी मत मांडायचे तर ते असे, की तात्पुरता परवाना संपताना ज्यांचे नाते चालू आहे, त्यांना लग्नाची अट न घालता आणखी एक वर्ष द्यावे. दोघांची कमाई, जगात कुठेही केलेली असो, धरावी. आणि दोन वर्षांनंतर जोडीदाराचा परवाना त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावे करावा, म्हणजे ती राहिली तर मनाने राहील. यात खर्च फार नाही. तात्पुरते कामगार बोलावताना माणसेच येणार, आणि माणसे आली की ती कोणाच्या ना कोणाच्या जीवनात गुंतणार, एवढे मात्र धरून चालावे लागेल.

यंदा आपल्यापैकी जे कोणी त्या सोडतीत नाव घालणार असतील, त्यांना मैत्रिणीने काही गोष्टी आवर्जून कळवायला सांगितल्या आहेत. परवाना आता कागदावर नसतो, संगणकात असतो. म्हणून मुदतीची तारीख वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. कोणाबरोबर एकत्र राहू लागलात तर पहिल्या महिन्यापासून दोघांच्या नावाचे कागद जपा, घरी सांगितले असो वा नसो. अर्ज करण्यापूर्वी, जमल्यास, एकदा घरी येऊन म्हाताऱ्या माणसांना भेटून जा. तिच्या अर्जाला हा लेख छापखान्यात जाईपर्यंत नववा आठवडा लागला आहे. उत्तर आलेले नाही.